कमळचं स्टीलचं किचन

कोन गावात केसरीनाथच्या घरी कुणीही जाऊ दे, अगदी उभ्या उभ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलं तरी, त्याला आधी किचन बघावं लागतं. चहा नंतर. गोदामवाल्यांना जमीन विकून दोन हजार चारच्या सुमारास केसरीनाथनं बंगला बांधला. कुठल्याशा मोठ्या हॉटेलाचं स्वयंपाकघर त्याच्या डोक्यात भरलं होतं, म्हणून ओटा, भिंती, कपाटं, सगळं स्टीलनं मढवून घेतलं. "तोंड बघा यात!" असं तो पाहुण्यांना सांगतो. पाहुणेही बिचारे वाकून तोंड बघतात. करणार काय?

आता गंमत ऐका. त्या किचनमध्ये साधी फोडणीसुद्धा पडायची नाही. तेल उडेल, डाग पडेल! स्वयंपाक मागच्या दारी, पत्र्याच्या पडवीत. म्हणजे केसरीनाथची बायको कमळ मागे रांधायची आणि पुढे पुसायची. एका बाईला दोन स्वयंपाकघरं, आणि सुख एकातही नाही.

बरं, पुसणं म्हणजे नुसतं फडकं फिरवणं नव्हे. बोअरिंगचं पाणी जड, थेंब वाळला की पांढरा ठिपका. म्हणून आधी साबणाच्या पाण्याचं फडकं, मग साध्या पाण्याचं, लगेच कोरडं, आणि शेवटी जरासं खोबरेल लावून स्टीलवरच्या बारीक रेघांच्या दिशेनं हात ओढायचा. आडवा हात गेला की ओरखडे दिसतात. वरच्या कपाटांसाठी स्टुलावर चढायचं. एवढं करून उतरावं, तर मुलगा हितेश पाणी प्यायला यायचा आणि पाची बोटं उमटवून जायचा. कमळ पुन्हा फडकं उचलायची. बोलायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिचं सगळं त्राण उजव्या खांद्यानं खाल्लं होतं. "सून आली की सुटशील," असं शेजारणी म्हणायच्या. त्या एका आशेवर ती हात चालवत होती.

सून यायची वेळ आली. पडघ्याची रुचिका हितेशला पसंत पडली आणि तिच्या घरचे रविवारी घर बघायला येणार असं ठरलं.

शनिवारी जेवणं उरकली तशा कमळच्या सासूबाई, आक्का, चिंच-मिठाचा गोळा घेऊनच किचनमध्ये आल्या. घरात कार्य निघालं की तांब्याचे हंडे चिंच-मिठानं घासायचे, ही त्यांची जन्माची सवय.

"आक्का, स्टीलला चालंल का ते?" कमळनं विचारलं.

"न चालाय काय झालं? हंडे घासून घासून माजी हाडं झिजली. लाव, जरा मुरू दे, मग बघ कसं चकाकतं."

कमळनं लावलं. ओट्याला, भिंतीला, हात पोचला तिथवर. मुरेपर्यंत जरा टेकावं म्हणून खाली बसली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. दुपारची झोप त्या बाईला किती वर्षांनी मिळाली, देव जाणे. आक्का मध्येच डोकावल्या. सून तोंड उघडं टाकून झोपलेली. त्यांना उठवावंसं वाटेना. "झोपू दे बिचारीला," म्हणत त्यांनी दार लोटून घेतलं. कधी नव्हे ती माया केली, आणि नेमकी तीच भोवली.

कमळ जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती आणि चिंच-मीठ वाळून त्याची खपली झाली होती. घाईघाईनं धुतलं, तर खाली तपकिरी ठिपकेच ठिपके, देवी येऊन गेल्यासारखे. सोडा लावला, लिंबू चोळलं, काही म्हणता काही हलेना. मिठानं स्टील खाल्लं होतं.

केसरीनाथनं घर डोक्यावर घेतलं. "वाट लावलीस! उद्या पावन्यांना काय दाखवू, तुजं थोबाड?"

"मीच सांगितलं तिला," आक्का म्हणाल्या. पण ऐकून कोण घेतो!

रविवारी त्यानं किचनचं दार लावूनच ठेवलं. पाहुण्यांना हॉल दाखवला, गच्ची दाखवली. पण रुचिकाची आई रंगूबाई कसली ऐकते! चहाचे कप ठेवायच्या निमित्तानं ती कमळच्या मागोमाग आली आणि किचनचं दार ढकलून आत शिरली. ठिपक्यांवरून बोट फिरवलं, वरच्या कपाटांकडे पाहिलं, खालच्या स्टुलाकडे पाहिलं. मग कमळचा हात हातात घेतला. बोटांची कातडी सोलून निघालेली.

"हे सगलं तुमी पुसता?"

"हो."

"माज्या पोरीला पन पुसाय लागंल?"

कमळला खोटं सांगवेना, आणि खरं सांगायची लाज वाटली. तिनं वाट बघितली होती ती त्याच पोरीची, तिच्या हातात फडकं द्यायला. दुसऱ्याची लेक म्हणून तिचा विचार केलाच नव्हता कधी.

रंगूबाईनं पुढं विचारलं नाही. पोरांची मनं जुळली होती, तिथं आईचं काय चालणार? लग्न ठरलं. पाहुणे गेले तसा केसरीनाथ खुशीत आत आला.

"स्टीलचे पत्रे बसवणाऱ्याला फोन केलाय. लग्नाआधी सगलं नवं बसवतो."

कमळ फटकन बोलली, "मग पुसाय बाई पन नवी आना. माजा हात गेलाय."

"आनतोय की!" तो हसला. "रुचिका हाय ना. सुटलीस तू आता."

त्याच्या मनात खोट नव्हती. आनंदाची बातमी दिली असंच त्याला वाटत होतं. कमळला मात्र भडभडून आलं.

ती पडवीत गेली. संध्याकाळसाठी मसाला लावून ठेवलेले बोंबील, तवा आणि तेलाची बरणी घेऊन किचनमध्ये आली. तिथली शोभेची शेगडी तिनं पेटवली, तेल चांगलं कडकडीत तापू दिलं आणि बोंबील सोडले. तेल भिंतीपर्यंत उडालं, लाल-पिवळं.

"अगं, काय चाललंय? डाग पडतील!"

"पडू दे. नवं बसवा, त्याच्यावर पन पाडीन, रोज पाडीन. ती पोर येईपर्यंत या घरात पुसण्यासारखं काय ठेवायची न्हाय मी."