शारदाबाईचा नंबर

हे मी बायकोलेही सांगतलं नाई. तुम्हाले सांगून राह्यलो, कारण तुम्ही आमच्या कुरखेड्याचे नाई — अन् खरं म्हणाल तर तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाई. माझा सोभावच तसा. दारावर येऊन कोणी नाव विचारलं, तर आधी मीच विचारतो — तुम्ही कोण? काऊन पाह्यजे?

अशा माणसाच्या हाती मोबाइल आला की काय होते? विहिरीच्या मोटरची माहिती वाचायची, तर आधी खातं उघडा. छपरासाठी टिनाचा भाव पाहायचा, तर नंबर टाका, मग नंबरवर आलेला आकडा टाका. अरे, मी नुसता दुकानात डोकावलो, तर दुकानदार माझा पत्ता लिहून घेते का? हे लोकं माझा नंबर कुठी नेतील, कोणाले देतील — काय ठाऊक!

मग मी शेजारच्या शारदाबाईचा नंबर टाकू लागलो.

शारदाबाई अंगणवाडीत मदतनीस. मले भाऊ म्हणते. तिच्या घरात रेंज नाई, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिचा फोन परसातल्या मांडवाच्या खांबाले पिशवीत टांगलेला राह्यते. मी कुंपणावरून आवाज द्यायचो — बाई, आकडा आला का जी? ती हातातलं काम टाकून वाचून दाखवायची. माझ्या फोनवर मेसेज येत नाई, असं तिले सांगतलं होतं. सगळे येत होते.

मग तिले फोन सुरू झाले. विमा घ्या, प्लॉट घ्या, मोटर घ्या. बिचारी वैतागली. माझा नंबर कोण वाटून राह्यला, म्हणून मलेच विचारलं — अन् मी? मी चौकातल्या मोबाइलवाल्यावर ढकललं. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

इथवर असतं तर मी हे लिहिलंही नसतं. खरं पुढचं आहे.

तिची पोरगी पूनम. बारावी झाल्यावर चंद्रपूरले नर्सिंगचा अर्ज केला होता. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव. जागा निघाली तर फोन करू, असं कॉलेजनं सांगतलं होतं, अन् अर्जावर नंबर मायचा. त्या दिवसांत शारदाबाई फोन पदराआड घेऊनच फिरायची.

अन् त्यातच एका सकाळी मी टिनवाल्याच्या साइटवर तिचा नंबर टाकला — घाईत नाव मात्र माझं खरं टाकून बसलो. दुपारी ती कुंपणाशी आली. एकच नंबर तिसऱ्यांदा वाजत होता.

"भाऊ, उचलू का जी? पूनमचा तर नसंल?"

टिनवाला निघाला अन् त्यानं माझं नाव घेतलं तर? इतक्या दिवसांचं सगळंच उघडं पडलं असतं.

"अनोळखी नंबर उचलायचाच नाई, बाई. फसवते हे लोकं," मी म्हणलं. अन् तिच्या हातातून फोन घेऊन तो नंबर मीच ब्लॉक केला.

पूनमचा तर नसंल, हे तिनं विचारलं होतं. मी ऐकलं होतं. ऐकलं नाई असं कसं म्हणू?

दोन दिवसांनी पूनम स्वतःच चंद्रपूरले गेली. कॉलेजात सांगतलं — फोन केले, आधी कोणी उचलले नाई, मग लागलेच नाई. जागा पुढच्या मुलीले दिली.

ते कळल्यावर मी शारदाबाईचा फोन पाहायले मागतला, अन् तिच्यासमोरच तो नंबर ब्लॉकमधून काढून टाकला. माग राह्यला नको म्हणून. लाज वाटाले पाह्यजे होती ना? मले हायसं वाटलं.

पूनम आता भद्रावतीले कपड्याच्या दुकानात आहे. सणालेही येत नाई. तिचं एकच म्हणणं — माय, तू फोन काऊन नाई उचलला? शारदाबाई म्हणते, माझीच अक्कल गेली होती.

तो नंबर मी ब्लॉक केला होता, हे तिनं पोरीले आजवर सांगतलं नाई. भाऊनं तर भल्यासाठीच केलं, पूनमचा राग उगाच त्याच्यावर नको — असं ती परवा आमच्या ओट्यावर बसून माझ्या बायकोले सांगून राह्यली होती. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर आलो नाई.