भागवतने किनारा लपवला नाही

भागवत गेला. समुद्राच्या वाळूत, सकाळी सकाळी.

बुडाला नाही. रोजच्यासारखा किनाऱ्यावर गेला होता. छातीत दुखलं म्हणून खाली बसला आणि उठलाच नाही.

परवाची गोष्ट. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाहीये. मंठ्यातलं माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस उघडते, कॉम्प्युटर सुरू करते, परत शटर ओढून बाजारातून चालत सुटते. कुणी विचारलं तर म्हणते, जरा काम होतं.

काम काहीच नाही. म्हणून इथे लिहितेय.

भागवत माझ्या वर्गातला. आष्टीच्या शाळेत आम्ही बरोबर शिकलो. मी मारवाड्याची, आमचं किराणा दुकान. तो धनगराचा. त्याचे वडील मेंढरं घेऊन महिनोन्महिने लांब फिरायचे.

भागवत त्यांच्याहून लांब गेला. अंदमानकडच्या एका छोट्या बेटावर, हॉटेलात कुक म्हणून.
तिथल्या शेफालीशी लग्न केलं. पुढे दोघांनी किनाऱ्यालगत छोटं गेस्ट हाऊस काढलं, आणि मी इकडून माणसं पाठवू लागले. जालना, परतूर, मंठा. पहिल्यांदा समुद्र बघणारी माणसं. भागवत स्वतः हात धरून त्यांना पाण्यात न्यायचा.

मग एक जहाज बेटाजवळच्या खडकावर चढलं. त्यातलं तेल समुद्रात गेलं.

ऐन सीझन. आष्टीच्या रिटायर शिक्षकांचा ग्रुप बॅगा भरून तयार. आम्हाला भूगोल शिकवणारे सरही त्यात.

भागवतचा फोन आला.
"ग्रुप पाठवू नको. किनारा काळा झालाय. पाय ठेवला की डांबरासारखं चिकटून राह्यलंय. खेकडे मरून पडलेत."

मी म्हणाले, "बाकीचे हॉटेलवाले तर सगळं ओके म्हणतायत. फोटो पाठवलेत त्यांनी."

"ते जुने फोटो हायेत."

"अरे, पण तुझा सीझन जाईल."

"जाऊ दे. आमचे बाबा मेंढरं विकताना लंगडं जनावर आधी पुढं करायचे. गिऱ्हाइकानं बघावं, मंग घ्यावं. मी काय वेगळं करून राह्यलो?"

आणि त्याने काळ्या किनाऱ्याचा व्हिडिओ गेस्ट हाऊसच्या पेजवर टाकला.

तो इतका फिरला की न्यूजवाल्यांनीही उचलला.
एकट्या भागवतचीच नाही, अख्ख्या बेटाची बुकिंग कॅन्सल झाली.

लोक त्याच्यावर बिथरले. शेजारी एक बोटवाला राहायचा, पर्यटकांना प्रवाळ दाखवायला न्यायचा. तो दारात येऊन म्हणाला, "तुमने हमारा पेट काटा." त्यानंतर बोलणंच बंद.

दुसऱ्या दिवशी भागवत आणि तो बोटवाला, दोघंही किनाऱ्यावर होते. गमबूट, हातमोजे, फावडी. शेजारी शेजारी उभे राहून काळी वाळू पोत्यांत भरत होते. एक शब्द न बोलता.
शेफालीने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती की रडत होती, मला फोनवर कळलं नाही.

पुढच्या वर्षी वाळू बरीच साफ झाली. पण माणसं येईनात.
बेटाचं नाव सर्च केलं की पहिला भागवतचाच व्हिडिओ दिसायचा.

"डिलीट कर ना तो," मी वैतागून म्हणाले.

"खोटा होता का?"

"नाही, पण..."

"मंग राहू दे. रोज नवा टाकतो. ज्याला बघायचं तो आजचाबी बघंल."

आणि तो खरंच टाकू लागला. रोज सकाळी किनारा, जसा असेल तसा. भरतीबरोबर तेलाचे गोळे आले तर तेही दाखवायचा. "आज पोहू नका," म्हणायचा. पाणी निवळ असलं तर कॅमेरा नुसता पाण्यावर धरायचा.

मी इथे ऑफिसात बसून गिऱ्हाइकांना तेच दाखवायचे. कुणी तोंड वाकडं करून जायचं. कुणी म्हणायचं, माणूस खरं बोलतोय, चला जाऊ.

एका व्हिडिओत मागे तो बोटवाला दिसला. दोन पर्यटकांना बसवून बोट पाण्यात ढकलत होता.
भागवतचा मेसेज आला, "बघितलं का? बोट निघाली."

यंदा माणसं परत यायला लागली होती. सरांच्या ग्रुपनेही पुन्हा बुकिंग केलं होतं.

आणि परवा हे.

शेफालीने डॉक्टरांना विचारलं होतं, तेलात एवढे दिवस काम केलं, त्यामुळे झालं का?
मला म्हणाली, "बोले, ऐसा बोल नहीं सकते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाही. हो म्हटलं असतं तर भांडायला कुणीतरी सापडलं असतं. नाही म्हटलं असतं तर गप्प बसले असते. आता काय करू?

काल ग्रुप कॅन्सल करायला सरांना फोन लावला. सर म्हणाले, "शेफालीला विचारलंस का?"

तिला विचारलं. ती म्हणाली, "आने दो. अकेली घर में मैं पागल हो जाऊँगी."

मग आष्टीला भागवतच्या आईला भेटायला गेले. तिला तिथे वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. सगळं तिकडेच उरकलं.
भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आपलं तर कुनीच न्हवतं तिथं. खांदा कुनी दिला माझ्या लेकराला?"

मी शेफालीला फोन लावून विचारलं. मग आईला सांगितलं, "पुढे शेजारचा बोटवाला होता. मागे हॉटेलवाले. सगळे आल्ते."

तिने डोळे पुसले. "मंग मला न्या तिथं. त्या मानसांना भेटायचंय मला."

भागवत, सरांच्या ग्रुपबरोबर मी तुझ्या आईला घेऊन येतेय. शेफाली जेटीवर थांबणार आहे.

तू नीट जा, मित्रा. मनापासून नमस्कार.