झडपेचा न कापलेला कोपरा

त्या सकाळी मी आणि बायकोनं परसात बसून मक्याची बुरकुंडं पोत्यात भरली. कणसाचे दाणे काढल्यावर जे उरतं ते. बंबाला चांगलं जळण. ती म्हणाली, "आवं, वल्ली बाजूला काढा, धूर करत्यात." मी म्हणालो, "तू भर गं गप. धुराचं माझं मी बघतो." बास... त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काहीच केलं नाही.

भुताखेतावर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. कराडजवळच्या एका दूध डेअरीत एकतीस वर्षं मी बॉयलरवर फायरमन होतो. आग, वाफ, धूर यांना कारण लागतं. कारण सापडलं नाही तर ते शोधणारा कमी पडला, असं मी नव्या पोरांना छाती ठोकून सांगायचो.

घर मलकापुरात. मागच्या परसात न्हाणी – विटांच्या भिंती, वर पत्रा, एक छोटी खिडकी. आत तांब्याचा बंब. बंबाच्या धुराड्याला मी पत्र्याचा पाइप जोडून छपराबाहेर काढला होता. आता बघा, धुराडं जास्त ओढायला लागलं की निम्मी ऊब आभाळात जाते. म्हणून बॉयलरच्या चिमणीत झडप असते, डँपर म्हणतात. ओढ कमी-जास्त करायला. तशीच सरकती झडप मी बंबाच्या पाइपात बसवली. निखारा झाला की झडप बंद. चार बुरकुंडात दुपारपर्यंत पाणी कढत. आल्यागेल्याला न्हाणीत नेऊन दाखवायचो.

आमचे हेड फायरमन पहिल्याच दिवशी बोलले होते – "झडपंचा एक कोपरा कापलेला पायजे. चुकून पुरी बंद झाली तरी वायू जायला वाट ऱ्हाती." धुमसत्या निखाऱ्याचा वायू धुरापेक्षा वाईट. त्याला वास नाही, रंग नाही. हे मला पाठ होतं. घरच्या झडपेचा कोपरा मी कापला नाही. तेवढीच ऊब वाचते म्हणून.

आठ दिवस ती सांगत होती. "आवं, न्हाणीत डोकं लय जड पडतंय."

"वय झालं तुझं."

"वय न्हाणीतच हुतंय व्हय? हितं चुलीपुढं न्हाई हुईत त्ये."

"मला ओढ शिकवतीस? एकतीस वर्सं बॉयलर चालवलाय म्या!"

ती हसली. म्हणाली, "चालवलाय खरं... पर त्यात आंघोळ कोण करत हुतं?"

बुरकुंडं भरून झाल्यावर ती आंघोळीला गेली. थंडी होती, खिडकीला पोतं लावलेलं. लय वेळ झाला म्हणून हाका मारल्या. मग कडी तोडली. ती भिंतीला टेकून पडली होती.

आता जे लिहितोय ते वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. मी आधी तिच्याकडं गेलो नाही. शेजारी पळत येताना ऐकू आला आणि माझा हात पहिला झडपेवर गेला. झडप उघडली. खिडकीचं पोतं ओढलं. मग तिला उचललं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मी मान हलवली. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, सोनं झालं बाईचं. त्यालाही मान हलवली. संध्याकाळी झडप पाइपातून उपसून काढली, फट पत्रा ठोकून बुजवली. झडप भंगारात गेली.

वर्षभर बंब पेटवला नाही. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी माझी एकुलती लेक सुनंदा आणि जावई सांगलीहून आले. सकाळी दहाच्या सुमाराला सुनंदानं बंब पेटवला. धूर झकास वर गेला. थोड्या वेळानं मी जळण घालायला वाकलो आणि धूर उलटा फिरून तोंडावर आला. मी मागं सरलो, धूर वर. पुढं झालो, पुन्हा तोंडावर.

जावई हसायला लागले. "मामा, रिटायर बॉयलर झालाय का फायरमन?"

मी पण हसलो. म्हटलं कारण शोधू. वारा बघितला – परसातल्या केळीचं पान हलत नव्हतं. पाइपात बांबू घालून बघितला, मोकळा. मग उदबत्तीची टेस्ट घेतली. ओढ बघायची असली की आम्ही तोंडाशी उदबत्ती धरायचो. धूर आत गेला तर ओढ चांगली. सुनंदाच्या हातात धूर सरळ आत गेला. जावयाच्या हातात, आत. माझ्या हातात... बाहेर, सरळ माझ्या नाकात. पुन्हा फिरवली. चार वेळा फिरवली. मी श्वास रोखून धरली, डोळे मिटून धरली. तेच.

आता जावई हसेनात. सुनंदा म्हणाली, "आण्णा, तुमी सरका बघू तिथनं."

दुपारी दोघं बाजाराला गेली तवा मी एकटा न्हाणीत गेलो. बंब विझलेला, गार. दार सताड उघडं, खिडकी उघडी, बाहेर लख्ख ऊन. गार धुराड्याला कसली ओढ? तरी उदबत्ती धरली. धूर माझ्याकडं वळला, आणि डोकं जड पडलं. आधी कपाळ, मग मानेमागं, मग गुडघ्यातला जोर गेला. म्हणजे ती आठ दिवस हे सांगत होती... मी दगडावर बसलो. उठायला येईना. हाक मारावी तर तोंडातून आवाज निघेना. किती वेळ गेला माहीत नाही. केव्हातरी पायात जोर आला तसा सरपटत बाहेर आलो.

नंतर बरोबरच्या एका जुन्या फायरमनला फोनवर विचारलं. म्हणाला, माणूस आडवा आला की हवा अडते. अरे गड्या, जावई माझ्या दुप्पट आहेत! तालुक्याच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ठीक म्हणाले. तुमच्यापैकी कुणाला कारण ठाऊक असेल तर सांगा. मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी सुनंदा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो. म्हणालो, "सुनंदा, तुजी आई हार्टनं न्हाई गेली." आणि सगळं सांगितलं. कोपरा, झडप, पोतं.

तिचा हात थांबला. "तुमी आधी आईकडं न्हाई गेला?"

"न्हाई."

"ती... तवा जित्ती हुती का?"

"म्या बघितलंच न्हाई गं."

 तिनं उरलेले तांदूळ निवडले आणि ती आत गेली.

भाऊबंद आले, विधी झाला, पंगत बसली. सगळ्यांची पानं सुनंदानं वाढली. माझं तेवढं राहिलं. मी मागितलं नाही.