ओक्युलस सिनिस्टर, म्हणजे डावा डोळा

डोळ्यांच्या वॉर्डात किस्से शोधावे लागत नाहीत. आपण ड्रॉप्स घालत राहायचं, ते आपोआप साठतात! मी आणि माझा मित्र जोशी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून बंगळूरला शिकाऊ डॉक्टर म्हणून गेलो, तेव्हाचे हे काही.

आमचे माधवराव सर जन्मापासून बंगळूरचे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वॉर्डात लॅटिन! उजवा डोळा म्हणजे ओक्युलस डेक्स्टर, डावा म्हणजे ओक्युलस सिनिस्टर. "उजवा-डावा चपलांना म्हणा," असं बजावायचे.

आता, समोर बसलेल्या पेशंटचा डावा डोळा आपल्या उजव्या हाताला येतो. जोशीची गाडी नेमकी इथं अडायची. एकदा तो ठसक्यात "डेक्स्टर" म्हणाला. सरांनी विचारलं, "कुणाचा उजवा? तुझा की पेशंटचा?"

"सर... दोघांचा मिळून!"

* * *

आनेकलचा एक गवंडी आला. जोशीने मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, कुठला डोळा? तो म्हणाला, "एड." जोशीने पुन्हा विचारलं. तो ओरडला, "एड! एड!"

जोशी लालबुंद. "सिस्टर, हा मला येडा म्हणतोय!"

सिस्टर बेळगावच्या. शांतपणे म्हणाल्या, "एड म्हणजे डावा, डॉक्टर. येडा आम्ही म्हणतो. तेही तुम्ही गेल्यावर."

* * *

मग जोशीने लॅटिनची इतकी घोकंपट्टी केली, की एकदा जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून जाताना उजवीकडे वळायचं, तर हा ओरडला, "डेक्स्टर! डेक्स्टर!"

जटकेवाल्याने लगाम खेचला. "सामी, घोड्याचं नाव राजा आहे!"

* * *

इंग्रजी पक्कं असलेले एक हेडक्लार्क केसपेपरवर 'सिनिस्टर' वाचून हबकले. इंग्रजीत त्याचा अर्थ कपटी, दुष्ट! "डॉक्टर, माझ्या डोळ्यात असं काय दिसलं तुम्हाला?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांची बायको म्हणाली, "बघा! मी लग्नापासून सांगतेय!"

* * *

आणि एक लक्ष्मीअक्का. बंगळूरच्याच जुन्या मराठी घरातल्या, पोलकी शिवून घर चालवणाऱ्या. उजवा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला, आणि उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू. शिवणाचं मशीन बंद पडलं होतं.

एकुलता एक डोळा!  ऑपरेशनच्या दिवशी सर हात धुताना पुटपुटत होते, "सिनिस्टर... सिनिस्टर..." टेबलापाशी आले आणि चक्क मराठीत म्हणाले, "अक्का, डावा ना?"

"डावाच, अण्णा. दुसरा कुठाय?"

ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून अक्का न हलता पडून राहिल्या. पट्टी सुटली, जखम भरली, आणि एका सकाळी सरांनी स्वतः जाड भिंगाची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली.  जोशी माझा दंड घट्ट धरून उभा.

सरांनी हात वर केला. "अक्का, किती बोटं?"

अक्का बघतच राहिल्या. बोटांकडे नाही, सरांच्या छातीकडे. सरांनी बोटं आणखी पुढे केली.

"बोटं राहू देत, अण्णा. कोटाचं वरचं बटण लोंबतंय तुमचं. स्वल्प जवळ या... आणि अगं सिस्टर, सुई-दोरा आण की!"