मोहफुलांचा वास

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी लागून दीडच वर्ष झालेली नवी डॉक्टरीण होते आणि राग कायम नाकावर. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून पोलीस एखाद्या ड्रायव्हरला आणायचे, तेव्हा त्याला तपासून कागद भरायचं काम माझं. तोंडाला वास येतो का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, जीभ अडखळते का, सरळ चालतो का. माझी सही झाली की पुढे कोर्ट. कैद किंवा दंड, आणि लायसन जायचं ते वेगळंच. मला शिकवलं होतं, आधी वास घे, बाकीचं आपोआप जुळतं. मीही तेच करायची.

चैत्रातल्या एका भर दुपारी पोलीस जमादारानं पन्नाशीचा एक ट्रकड्रायव्हर आणला. मौद्याकडून येताना नाक्यावर त्याचा ट्रक हातगाडीला घासला होता. लागलं कोणालाच नव्हतं.

"लिहून टाका मॅडम," जमादार म्हणाला. "चार हातावरून वास येऊन राहिला."

वास होताच. मी खेकसले, "काहून प्यायले गा भाऊ, दिवसाढवळ्या?"

"नाही पेलो बाई. मोहफुलं खाल्ले. पोतेच हायेत गाडीत. पण लायसन गेलं तं घरचे खातीन काय?"

मला हसूच आलं. थापा खूप ऐकल्या होत्या, ही नवी होती. तरी फरशीवर खडूनं रेघ ओढली आणि म्हटलं, चला. गडी एक पाऊल न चुकता गेला, वळला, परत आला. बाहुल्या ठीक. जीभ तर इतकी साफ की मलाच उलट विचारलं, "हातगाडीवाला उलट्या बाजूनं आला, त्याचं तोंड हुंगलं का कोनी?"

आता मला राहवेना. कपाटातलं कायद्याचं पुस्तक काढलं. त्यात विचारलं होतं एवढंच, की नशेमुळे गाडीवरचा ताबा सुटला होता का. वासाचा शब्दसुद्धा नव्हता! इतके दिवस मी हे पुस्तक उघडलंच नव्हतं, याची मला लाज वाटली.

"जमादार, मूठभर फुलं आणा त्याच्या पोत्यातली."

मी शहरातली, ज्याची दारू गाळतात ते मोहफूल कधी चाखलं नव्हतं. किसमिशीसारखी चिकट, गोड, शेवटी जरा आंबूस. पोती वाटेत अवकाळी पावसात भिजून आंबायला लागली होती. मी चांगली मूठभर चावून खाल्ली आणि जमादारापुढे तोंड नेलं. "घ्या वास."

बिचारा दोन पावलं मागे सरकला. शेवटी आमच्या म्हाताऱ्या सिस्टरबाई पुढे आल्या, हुंगलं, आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अवं माय! तू तं पुरी पिऊन दिसतेस वं!"

सगळे हसले, जमादारसुद्धा. मी कागदावर लिहिलं, 'नशेत नाही', आणि ठसक्यात सही केली. आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं.

ड्रायव्हरनं हात जोडले. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"मागच्या चैतात माह्या भावानंबी हेच सांगतलं होतं बाई, याच दवाखान्यात. त्या डॉक्टरनं फुलं नाही मांगवले. लायसन गेलं त्याचं."

तो गेल्यावर मी मागच्या वर्षीचं रजिस्टर काढलं. शोधायला वेळ लागला नाही. तेच आडनाव, तेच गाव. 'वास येतो' असं ठळक अक्षरात लिहिलेलं. चालीचा रकाना रिकामा होता. त्या दिवशी मी खडूची रेघ ओढलीच नव्हती.

खाली सही माझीच होती.

बाहेर त्याचा ट्रक सुरू होत होता. भाऊ आता काय करतो, एवढंच धावत जाऊन विचारायचं होतं. माझी छाती झाली नाही.