बारा शब्दांची चाल

जानेफळच्या आमच्या भजनी मंडळात काका पेटी वाजवतात. बोलतानाही त्यांची बोटं मांडीवर सूर शोधत असतात आणि वाक्याआधी "थांब जरा" असतंच. क्रिप्टोचे धडे आम्ही दोघं देवळाच्या ओट्यावर एकाच मोबाइलवर शिकलो. "थांब जरा, म्हंजे व्यवहार साऱ्या जगाले दिसते, पण किल्ली आपल्याच जवळ?" हे ते पुन्हा पुन्हा विचारायचे.

किल्ली म्हणजे ओळीनं लक्षात ठेवायचे बारा इंग्रजी शब्द. हे शब्द विसरले की मोबाइलमधलं पैशाचं पाकीट कायमचं बंद, दुसऱ्याला कळले की रिकामं. मी तर माझे मनातसुद्धा हळूच म्हणायचो. त्यांनी सोयाबीनचे थोडे पैसे त्यात टाकले होते.

पुढच्या एकादशीला त्यांनी नवंच पद धरलं, "रिव्हर, लॅडर, मँगो, विंटर..." मंडळी हसत हसत टाळ धरून मागं म्हणू लागली. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "काका, किल्ली काऊन सांगून राह्यले साऱ्यायले?"

पेटी न थांबवता ते म्हणाले, "थांब जरा. पदात शब्द चाळीस हायेत. त्यातले बारा कोणते, अन् कोणाच्या मागं कोण, हे मलेच मालूम हाय."

सारं देऊळ त्यांची किल्ली गात होतं आणि ती कुणाच्याच हाती नव्हती.