शालन आत्याचे चिंचोके

लोक नेटवर टाकतात ते असले न उलगडणारे अनुभव मी वाचते ते जेवताना, ताटाशेजारी मोबाईल टेकवून. वाचते आणि सोडून देते. विश्वास कधीच नव्हता, कारण माझं स्वतःचं पोटच गोष्टी रचण्यावर चालतं. मी फ्रीलान्स कॉपीरायटर आहे... रिसॉर्ट, प्लॉटिंग, मसाले, ज्याला वेबसाईट किंवा ब्रोशर हवं असेल त्याचा मजकूर लिहिते. कर्जतला, दहिवलीत राहते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठी मजकूर आईला वाचून दाखवल्याशिवाय पाठवत नाही. पुढचं मात्र तिलाही अजून नीट सांगितलेलं नाही.

खालापूरच्या बाजूला एका कुटुंबाने भाताच्या शेतालगत खोल्या बांधून कृषी पर्यटन सुरू केलं आहे. त्यांचा मुलगा निलेश नोकरी सांभाळून ते बघतो. त्यांच्या वेबसाईटचं काम माझ्याकडे आलं. खोल्या, जेवण, रस्ता, सगळी माहिती त्याने पाठवली. फक्त 'आमच्याबद्दल' हे पान राहिलं. मागितलं की "बघतो, ताई" एवढंच उत्तर यायचं.

आमच्या कामात अशा वेळी पान रिकामं ठेवत नाहीत, डमी मजकूर टाकतात. खोटाच, पण खऱ्यासारखा. तो वाचून क्लायंट म्हणतो, "असं नाही हो, आमच्याकडे असं असतं," आणि खरी माहिती देतो. नुसतं विचारलं तर गप्प बसणारा माणूस चूक दुरुस्त करायला मात्र लगेच बोलतो.

मी लिहिलं – "आमची शालन आत्या निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत न सांगता मूठभर भाजलेले चिंचोके टाकायची. घरी गेल्यावर ते सापडले की माणूस हसतो. आणि पुन्हा येतो." वर 'डमी' असं लिहिलं, पिवळा रंग दिला आणि पाठवलं.

संध्याकाळी निलेशचा फोन आला. आवाज अगदी खालचा.

"ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. डमी आहे ते. वर लिहिलंय."

"डमी कसं असेल? शालन माझी सख्खी आत्या आहे."

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. आत्याने घरच्यांना नको असलेल्या घरात लग्न केलं होतं. नंतर एकदा ती भेटायला आली, तेव्हा अप्पा, म्हणजे निलेशचे वडील, तिचा मोठा भाऊ, दारात आडवे उभे राहिले. तिला आत येऊ दिलं नाही. निलेशचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. ती पुढे कुठे गेली, आहे की नाही, कोणालाच माहीत नाही. घरात तिचं नावही घेत नाहीत. चिंचोक्यांचं त्यालाही माहीत नव्हतं. त्याने आईला वाचून दाखवलं, तर आई तांदूळ पाखडता पाखडता सूप खाली ठेवून बसून राहिली.

"अप्पांनी पण ऐकलं. तुम्हाला बोलावलंय."

"मी ईमेलवर सगळं नीट समजावून लिहिते ना," मी म्हटलं.

"अप्पा ईमेल वाचत नाहीत, ताई."

रविवारी सकाळी स्कूटरवर गेले, पळसदरीवरून, खोपोलीमार्गे. कोणीतरी मला पढवून पाठवलंय असं त्यांना वाटणार, याची धास्ती होती. अप्पा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"कुनाची गं तू?"

"वडील पोस्टात होते. आम्ही मूळचे जळगावचे."

"मंग शालन कुटं भेटली तुला?"

"भेटल्या नाहीत. नाव मी... असंच लिहिलं."

"असंच? चिंचोके पन असंच?"

निलेशची आई चहा घेऊन बाहेर आली. "अवो, पोर घाबरलीय. घोट तरी घेऊ द्या तिला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी म्हायेरी निगाले का माझ्या पिशवीत टाकायची ती. यांना बी ठाव नव्हतं. आमा नणंद-भावजयीतलंच होतं ते."

"बग," अप्पा म्हणाले. "दोगींनाच ठाव. हिनं तुला सांगितलं नाय. मंग राह्यलं कोन?"



अप्पा खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "सांगू नको म्हनली आसंल ती. बरं. कुटं हाय ते नको सांगू. निस्तं यवडं बोल... बरी हाय का?"

'बऱ्या आहेत' म्हणणं किती सोपं होतं. अशी वाक्यं मी रोज लिहिते. निलेशही माझ्याकडे तशाच आशेने बघत होता.

"मला माहीत नाही, अप्पा," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मी निघताना म्हणाले, "ते पान तसंच राहू दे. आनि खाली माझा नंबर टाक. निलेशचा नको."

मी टाकला.

ते नाव आणि ते चिंचोके माझ्या डोक्यात कुठून आले, याचा मी बराच विचार केलाय. आमच्या नात्यात कोणी शालन नाही. खालापूरला मी त्याआधी थांबलेही नव्हते, खोपोलीहून पुढे जाताना बसमधून पाहिलं असेल तेवढंच. योगायोग म्हणावा, तर नाव जुळेल एक वेळ... पण चिंचोके? मला खरंच सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा.

शालन आत्यांचा फोन अजून आलेला नाही. बाकीचे येतात, आणि अप्पा सगळे स्वतः घेतात. परवा निलेश वैतागला होता – अप्पांनी नोंद न ठेवल्याने एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं येऊन उभी राहिली. "नंबर बदलून देऊ का?" मी विचारलं. "नको," तो म्हणाला, "आई म्हणते असू दे."

बाईचा फोन असला की म्हणे अप्पा खोलीचं भाडं सांगतच नाहीत. आधी विचारतात, "वाट ठाव हाय ना? नसंल तर मी फाट्यावर येऊन हुबा राहतो."

आणि खरंच जाऊन उभे राहतात.